तिठ्यावरून दिसणारं कोकण

(हातखंबा इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलं आहे.)

पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि तरी तुम्ही इतके जण आलात. म्हणजे एकतर विषय जिव्हाळ्याचा आहे, नाहीतर घरात लाईट गेलेली आहे. (हशा) जे मोबाईलवर ऐकतायत त्यांना आधी जागा सांगतो. हातखंबा म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचा तिठा. मुंबईकडून आलात की उजव्या हाताला रत्नागिरी, सरळ गेलात की पाली, आणि पालीवरून साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूर. समुद्र इथून दिसत नाही. तो रत्नागिरीला, बारा-तेरा किलोमीटरवर.

हे समुद्राचं मुद्दाम सांगितलं. मागे एक कुटुंब इथे चहाला थांबलं होतं. त्यातल्या बाईंनी आम्हाला विचारलं, "कोकण अजून किती लांब?" आम्ही म्हटलं, बाई, तुम्ही पनवेल सोडल्यापासून कोकणातच आहात. त्यांनी आजूबाजूला बघितलं. टायरचं दुकान, वडापावची गाडी, डंपर, लाल माती. चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की आम्ही काहीतरी फसवतोय. या तिठ्यावर थांबणारा प्रत्येक माणूस कोकण बघायला चाललेला असतो किंवा बघून आलेला असतो. आपण कोकणात उभे आहोत असं मात्र कुणाला वाटत नाही.

त्या बाईंच्या डोक्यात जे कोकण होतं ते आलं कुठून? आमचं म्हणणं असं की ते पुस्तकांतून, नाटकांतून, सिनेमांतून आणि अलीकडे मालिकांतून आलं. म्हणून आज गैरसमजांबद्दल बोलताना आपण थोडं साहित्याबद्दलच बोलणार आहोत. नुसतं "आम्ही तसे नाही हो" म्हणून रडण्यात अर्थ नाही, कारण काही बाबतीत आम्ही तसे आहोतच.

फणसापासून सुरुवात करू. कोकणी माणूस बाहेरून काटेरी, आत गोड. ही उपमा इतक्या वेळा ऐकली आहे की आता फणस बघितला तरी ती आठवते. ऐकायला कौतुक वाटतं. पण नीट बघा, तिच्यात दोन सोयी आहेत. एक सोय आमची: तिरसटपणा केला की "आमचा स्वभावच तसा" म्हणून सुटता येतं. दुसरी सोय बोलणाऱ्याची: समोरचा माणूस का चिडलाय हे विचारावं लागत नाही. काटे जन्मजात आहेत म्हटल्यावर कारण कशाला शोधायचं? आणि या फणसाचं मराठीतलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र म्हणून जो माणूस दाखवला जातो तो म्हणजे पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा.

'व्यक्ती आणि वल्ली' आलं १९६२ साली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या निम्म्या वाचकांना रत्नागिरी माहीत आहे ती अंतूशेटच्या तोंडून. आम्हाला त्या लेखाबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगतो. तो उत्तमच लेख आहे. गावात वीज येणार म्हटल्यावर, तिच्या उजेडात बघायचं काय तर आपलं दारिद्र्यच, असं म्हणणारा म्हातारा ज्यानं लिहिला त्याला कोकण कळलं नव्हतं असं कोण म्हणेल? आमची तक्रार आहे वाचकांबद्दल. लोक त्या वाक्याला हसतात. ध्वनिफीत लावून हसतात, कार्यक्रमात पाठ म्हणून हसतात. ज्याला वीज नकोशी वाटते कारण घरात दाखवायला काही नाही, तो माणूस विनोदी ठरतो आणि पुढे सगळ्या जिल्ह्याचा स्वभाव ठरतो. अंतू बर्वा एका आळीतला आहे, मधल्या आळीतला. पुलंनीही त्याला त्या आळीबाहेर फारसं नेलेलं नाही. आळीचा प्रांत केला तो वाचकांनी.

आता त्याच रत्नागिरीचं दुसरं पुस्तक घ्या. उर्मिला पवार यांचं 'आयदान', २००३ सालचं. त्यांचं गाव फणसवळे, आपल्याच तालुक्यातलं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच बायका दिसतात. डोक्यावर लाकडं, गवत, जे काही विकता येईल ते घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला चाललेल्या. आणि लेखिकेची आई घरात बांबूची आयदानं विणत बसलेली, सुपं, टोपल्या, हारे. म्हणजे बघा, बाजार एकच. त्या बाजाराच्या एका बाजूला ओटीवर पानाचा डबा घेऊन अंतूशेट बसलेत, दुसऱ्या बाजूनं या बायका भारा घेऊन येतायत. त्या भाऱ्यातलं लाकूड मधल्या आळीतल्या चुलीतही जळलं असेल. पण "कोकणी माणूस" म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोण येतं? ओटीवरचा. भारेवाली कधीच येत नाही. तिला काटेरी म्हणत नाहीत आणि गोडही म्हणत नाहीत. उपमेत ती बसतच नाही.

श्री. ना. पेंडसे मोठे कादंबरीकार, दापोलीकडचे, मुर्डीचे. 'गारंबीचा बापू', 'रथचक्र', 'तुंबाडचे खोत'. कोकणची माती त्यांच्याइतकी कमी लोकांनी लिहिली. तरी 'तुंबाडचे खोत' वाचताना आम्हाला सारखं जाणवतं की डोळा खोताच्या ओटीवर बसलेला आहे. कूळ अंगणात येतं, बोलतं, जातं. ते घरी गेल्यावर काय बोललं हे आपल्याला कळत नाही. (आणि त्या नावाचं गाव खरंच आहे, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठाला. २०१८ साली 'तुंबाड' सिनेमा आल्यानंतर अनेकांना ते शापित आणि काल्पनिक ठिकाण वाटतं. तिथल्या लोकांना रेशनकार्डावर पत्ता लिहिताना काय वाटत असेल?) (हशा)

हे खोत-कुळाचं प्रकरण जरा लांबवणार आहोत, कारण "कोकणी माणूस आळशी" या आरोपाचं मूळ आमच्या मते इथे आहे. आरोप तुम्हाला पाठ आहे. जमीन पडून आहे, पाऊस बदाबदा पडतो, पण हे झाडाखाली झोपतात. घाटावरचा शेतकरी बघा, दुष्काळात ऊस काढतो. आता पाऊस आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो हे खरं. तो जांभ्यातून झिरपून, ओढ्यांतून वाहून चार महिन्यांत समुद्राला मिळतो आणि एप्रिलमध्ये काही वाड्यांवर टँकर लागतो हेही खरं. पण पाणी सोडा. झाड कोण लावतो? ज्याला खात्री असते की फळ आपलं नातवंड खाईल. खोताच्या जमिनीवरच्या कुळाला ही खात्री पिढ्यान् पिढ्या नव्हती. पिकाचा वाटा खोताला, कुठे अर्धेल, कुठे तिरधेल. वर वेठ. चांगलं पिकवलं तर जमीन काढून दुसऱ्याला द्यायची भीती. अशा माणसानं गरजेपुरतं भात काढलं आणि बाकी अंग राखलं, तर त्याला आळस म्हणायचं की हिशेब?

आणि हा माणूस गप्प बसला होता असंही नाही. अलिबागजवळच्या चरीला १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांनी संप केला, तो सुमारे सहा वर्षं चालला. सहा वर्षं लोकांनी खोताची जमीन कसली नाही. मोलमजुरी केली, उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. आता कुणी लांबून बघितलं असतं तर शेतं ओसाड दिसली असती आणि तो म्हणाला असता, बघा, कोकणातली माणसं! डॉ. आंबेडकरांनी १९३७च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. १९३८च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. साध्या, भोळ्या, देवभोळ्या माणसांचं हे काम आहे का?

खोती गेली, पण सातबारा राहिला. आमच्यापैकी किती जणांच्या उताऱ्यावर वीसच्या वर नावं आहेत? हात वर करा. (बरेच हात वर होतात) बघा. काका वारले, आत्या लग्न होऊन गेली, एक जण बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. त्या जमिनीवर बँक कर्ज देत नाही, विहीर पाडायची तर सगळ्यांची संमती. म्हणून माणूस कोर्टाची पायरी चढतो. तिथे दुसरं लेबल तयार असतं: कोकणी माणूस भांडकुदळ, कज्जेदलाल. भांडतो आम्ही, नाकारत नाही. बांधावरच्या एका फणसाच्या झाडासाठी दोन पिढ्या न बोललेले भाऊ आम्ही पाहिलेत. पण बाहेरून आलेला माणूस ते झाड बघतो. त्याच्या खालचा उतारा तो वाचत नाही.

पुढचं लेबल मनीऑर्डरचं. "कोकणची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालते." म्हणजे मुंबईनं आम्हाला पोसलं. हे तर आमचेच लोक मान खाली घालून सांगतात. १९२१च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर पाच माणसांतला एक जवळजवळ रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही रत्नागिरीतच होता. गिरण्या, गोदी, म्युनिसिपालटी, सगळीकडे. गावकीची एक खोली, तीत वीस-पंचवीस माणसं पाळ्यांप्रमाणे झोपायची, जेवण खाणावळीत. मग महिन्याला दहा रुपये, पंधरा रुपये गावाला.

आता गिरणीमालकाच्या बाजूनं विचार करा. त्याला मजुरी किती द्यावी लागत होती? एका माणसाच्या पोटापुरती आणि वर थोडी. बायको, पोरं, म्हातारे आईबाप यांचं भात गावात पिकत होतं. ते भात पिकलं नसतं तर मालकाला मजुरी वाढवावी लागली असती. आजारी पडलेला कामगार गावी यायचा, म्हातारा झालेला गावी यायचा, बाळंतपण गावी. म्हणजे मुंबईच्या कापडधंद्याचं इस्पितळ, पेन्शन आणि पाळणाघर कोकणात होतं, आणि त्याचं बिल कधी कुणी लावलं नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमच्या भागात माणसं कशी परत आली ते इथे बसलेल्या काहींना आठवत असेल. महिनोन् महिने त्यांना कुणी जेवायला घातलं? उलट्या दिशेनं गेलेल्या या मनीऑर्डरी तांदळाच्या होत्या, म्हणून पोस्टाच्या हिशेबात त्या सापडत नाहीत.

ते तांदूळ पिकवले बायकांनी. कवळ तोडायची, शेण आणि पातेरा पसरायचा, भाजावळ करायची, तरवा काढायचा, भर पावसात इरलं घेऊन ओणव्यानं लावणी, मग कापणी, झोडणी. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया आहेत आणि रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. हा आकडा बाहेरचे लोक कौतुकानं सांगतात, कोकणात मुलींना मान आहे म्हणून. मान असेल नसेल, पण या आकड्याचं मोठं कारण पुरुष गावात नाहीत हे आहे. त्याच जनगणनेत दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी कमी झाली. आज आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी माणूस असतो, मिरकरवाड्याला बोटीवर नेपाळी खलाशी असतो. त्यावरून पुन्हा आळसाचा मुद्दा निघतो. यात थोडं खरं आहे, आमची पोरं ते काम कमीपणाचं मानतात. पण घर सोडून हजारो मैलांवर राखण करणारा नेपाळी आणि शंभर वर्षांपूर्वी गिरणीत खोलीवर झोपणारा आमचा पणजोबा हे मला एकाच जातीचे वाटतात. त्याच्या गावात त्याला आळशी म्हणत असतील का, हे विचारून बघायला हवं.

आता नाचाकडे येऊ. गणपतीत आपल्याकडे जाखडी असते. मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारा बुवा, भोवती गोल करून नाचणारे, पायात चाळ. मुंबईत आणि टीव्हीवर याला "बाल्या डान्स" म्हणतात. कानात बाळी घालणारा, घरगडी म्हणून राबणारा रत्नागिरीकडचा माणूस म्हणजे बाल्या. त्याचा नाच तो बाल्या नाच, असं सांगतात. आता हे नाव आमच्याच मंडळांच्या बॅनरवर असतं, म्हणून कुणाला खटकत नाही. आम्हाला खटकतं. धन्यानं गड्याला मारलेल्या हाकेवरून त्याच्या कलेचं नाव पडावं?

आणि ती कला आहे काय? शक्ती-तुऱ्याचा सामना कधी पूर्ण रात्र बसून ऐकलात? शक्तीवाला प्रकृती श्रेष्ठ मांडणार, तुरेवाला पुरुष. गण होतो, गवळण होते आणि मग सवाल. पुराणातला एक धागा पकडून समोरच्याला पद्यात कोंडीत धरायचं, समोरच्यानं तिथल्या तिथे पद्यातच उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं तर लोक हसतात, पुढच्या गावापर्यंत बातमी जाते. हे करणारे बहुतेक कुणबी समाजातले, शिक्षण चौथी-सातवी, दिवसा गिरणीत साचा चालवणारे. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग वर्षानुवर्षं लागत. मराठी समीक्षेनं यातल्या किती बुवांची नावं घेतली? कोकणातलं लोकनाट्य म्हटलं की लोक दशावताराचं नाव घेतात, आणि दशावतार मोठाच आहे, पण तो दक्षिणेकडचा. उत्तरेकडच्या नमन-खेळ्यांचं पुस्तकी मराठीत नीट खातंही उघडलेलं नाही.

भाषेचंही तेच. 'वस्त्रहरण'नं, गंगाराम गवाणकरांच्या लेखणीनं आणि मच्छिंद्र कांबळींच्या आवाजानं मालवणीला जो मान मिळवून दिला त्याला तोड नाही. स्वतःच्या गावावर स्वतःच्या भाषेत हसणारं ते नाटक आहे, बाहेरच्यानं केलेली टिंगल नव्हे. पण झालं काय, त्यानंतर कोकण म्हणजे मालवणी असा शिक्काच बसला. आमच्या हातखंब्यात येऊन लोक मालवणी बोलायचा प्रयत्न करतात. आपण बोलतो संगमेश्वरी. खारव्यांची बोली वेगळी, कोकणी मुसलमानांची वेगळी, चित्पावनी वेगळी. आणि मुसलमान तर या चित्रात कुठे दिसतच नाहीत, ना मालिकेत ना जाहिरातीत. मुंबईच्या गोदीतून आगबोटींवर खलाशी म्हणून निघून जगाची बंदरं बघणारी, केपटाऊनपर्यंत जाऊन वस्ती करणारी माणसं आमच्याच खाड्यांच्या काठची होती. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं ते ही जागा जगापासून तुटलेलं बेट आहे असं समजून. त्या बेटावरचा नाखवा त्या वेळी एडनची गोष्ट सांगत असणार.

भुतांचं थोडक्यात. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' आली आणि कोकणात दर घरामागे एक भूत असल्याची महाराष्ट्राची खात्री झाली. मालिकेत भुतं आहेत याला आमचा आक्षेप नाही. आमच्या आज्यांनी याहून भयंकर सांगितलीत. फरक असा की आजीच्या भुताला पत्ता असायचा. कुठल्या आंब्यावर, कुणाच्या हद्दीत, कुणी कुणाचं काय बुडवलं म्हणून. राखणदाराच्या भीतीनं देवराईत कुऱ्हाड जात नव्हती. भीतीचं काम ठरलेलं होतं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त भय आहे, पण ते वर मिळालेल्या माणसाच्या आत आहे. मालिकेतली भीती बिनकामाची आहे, संगीत वाढलं की ती येते.

पण इथे आमचीही चामडी जरा सोलू. देवळात गाऱ्हाणं होतं, सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात, पाहुण्याचे डोळे भरून येतात: काय हो हा एकोपा! त्याच देवळासमोर बसलेल्या गावकीनं माणसांना वाळीत टाकलं आहे. पालखी त्यांच्या दारात न्यायची नाही, विहिरीवर यायचं नाही, मयताला जायचं नाही. रायगडात आणि आपल्याकडे अशा इतक्या तक्रारी झाल्या की २०१६ साली राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. भूत असलेलं कोकण आणि भोळं कोकण, दोन्ही चित्रांत हे येत नाही. आम्हाला दुसरं चित्र जास्त घातक वाटतं, कारण ते आम्हालाही आवडतं.

शेवटचा शब्द, "पडीक". सडा म्हणजे पडीक, कातळ म्हणजे नापीक. या शब्दानं आज व्यवहार होतात. घेणारा माणूस गुंठ्याचा भाव पाडताना हेच म्हणतो, "कातळ तर आहे, काय उगवतंय?" आणि विकणाऱ्यानं शाळेत, सिनेमात, नेत्यांच्या भाषणात तेच ऐकलेलं असतं, त्यामुळे तो मान हलवतो. त्या सड्यावरचं गवत गुरं खातात, पावसात तिथे डबकी आणि फुलं भरतात, त्या पाण्यावर खालच्या वाडीची विहीर तग धरते. आणि त्याच कातळावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी माणसं, मासे, वाघ, हत्ती कोरून ठेवलेत. कशेळीचं चित्र तर अठरा मीटर लांबीचं आहे. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातली उक्षी आणि जांभरुण आपल्याच तालुक्यात. यादीत बारसूही आहे, आणि बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी २०२३ साली काय चाललं होतं ते सगळ्यांनी बघितलं. अर्थात चिरेखाणी काढून सडा फोडणारे आम्हीच आहोत. शब्द बाहेरून आला, सुरुंग गावातल्याच माणसानं लावला.

(श्रोत्यांतून एक ज्येष्ठ गृहस्थ: "मग बाहेरच्यानी याचा तरी कसा?")

या ना, काका, येऊ नका कोण म्हणतो? शिमग्यात या, पालखी घरात येते तेव्हा. लावणीला या, पण फोटोपुरतं गुडघाभर चिखलात उभं राहू नका, दुपारपर्यंत ओणवे राहा. कुणाच्या ओटीवर बसलात तर आधी विचारा, या घरातले किती जण मुंबईला आहेत, किती गल्फला आणि भात कोण लावतं. जेवायला थांबलात तर मासे मागू नका, हातखंब्यात कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी मिळेल, नशीब असेल तर सोबत सुकट. आणि जमीन घ्यायला आलात तर...

(श्रोत्यांतून: "दर सांगा!" हशा)

दर तुम्हीच ठरवा, तुमचीच नावं आहेत उताऱ्यावर. पण विकायच्या आधी एकदा पावसात सडा चालून या. बाहेर चहा आलाय. ज्यांना रत्नागिरीची एसटी धरायची आहे त्यांनी आधी घ्या.